टायटल वनचा कागद बाजूला टाकू नका

शाळा सुरू झाली की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत मुलांच्या बॅकपॅकमधून कागदांचा गठ्ठा येतो. बसची वेळ, लसीकरण, फोटोचा दिवस, आणीबाणीचे फोन नंबर. त्यातच एक कागद असतो, वर 'टायटल वन' असं लिहिलेला. बहुतेक जण तो वाचत नाहीत. जे वाचतात त्यातले काही घाबरतात. आपलं मूल गरिबांच्या शाळेत पडलं, असं मनात येतं. त्याच रात्री दुसऱ्या गावातली घरं बघणं सुरू होतं.

थांबा. हा पैसा काय आहे ते आधी समजून घ्या. घर बदलायचं की नाही ते मग ठरवा.

अमेरिकेतली सरकारी शाळा मुख्यतः राज्याच्या आणि गावाच्या पैशावर चालते. गावाचा पैसा म्हणजे बव्हंशी घरपट्टी. जिथे घरं महाग, तिथे शाळेच्या हाताशी पैसा जास्त. जिथे घरं स्वस्त, तिथे ओढाताण. वॉशिंग्टनहून येणारा वाटा लहान असतो, दर 10 डॉलरमागे साधारण एक. पण टायटल वनचा पैसा मुद्दाम अशा शाळांकडे वळवलेला असतो, जिथे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त आहेत. वर्षाला ही रक्कम सुमारे 18 अब्ज डॉलर होते. देशातल्या निम्म्याहून जास्त सरकारी शाळांना तिचा काही ना काही भाग मिळतो. तेव्हा तुमच्या शाळेच्या नावापुढे टायटल वन दिसलं, तर त्यात जगावेगळं काही नाही.

हा पैसा ज्या कायद्यातून येतो, तो 1965 सालचा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन तरुणपणी टेक्सासातल्या कोटुला गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवत. ती मुलं उपाशीपोटी वर्गात येत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी हा कायदा केला आणि 11 एप्रिल 1965 रोजी टेक्सासात, आपल्या बालपणीच्या शाळेसमोर, पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून त्यावर सही केली. त्यानंतर कायद्याची नावं बदलली, नियम बदलले. 2015 मध्ये त्याला सध्याचं रूप आलं. मूळ हेतू तोच राहिला: घरात पैसा कमी आहे म्हणून मुलाचं शिकणं अडू नये.

मग शाळा ह्या पैशाचं करते काय?

प्राथमिक शाळेत त्याचा मोठा भाग माणसांवर जातो. वाचन कच्चं असलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवणारी शिक्षिका. गणितात अडणाऱ्या मुलांसाठी दुसरी. वर्गशिक्षिकेच्या हाताखाली एक मदतनीस. काही शाळा शाळा सुटल्यावरचे किंवा उन्हाळ्यातले वर्ग चालवतात. काही शाळा पालकांशी बोलणारी एक व्यक्ती नेमतात. पुस्तकं आणि शिक्षकांचं प्रशिक्षणही त्यातूनच होतं.

एक नियम लक्षात ठेवा. हा पैसा वरचा आहे. शाळेला नेहमी मिळणारे राज्याचे आणि गावाचे पैसे काढून घ्यायचे आणि ती भोकं ह्या पैशानं बुजवायची, हे कायद्याला चालत नाही. त्यामुळे 'आमच्या मुलांच्या वाट्याचं दुसऱ्यांना दिलं' अशी कुजबुज पार्किंगमध्ये ऐकलीत तर तिच्यात सामील होऊ नका.

शाळेतली किमान 40 टक्के मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली असली, की शाळा हा पैसा सगळ्याच मुलांसाठी वापरू शकते. मग तुमचा पगार कितीही असो, तुमच्या मुलाला गरज लागली तर ती वाचनाची शिक्षिका त्याचीही असते. आकडा त्याहून कमी असला, तर साधारणपणे शाळेला अभ्यासात मागे पडलेली मुलं निवडून त्यांच्यावरच हा पैसा खर्च करावा लागतो. ही निवड बापाच्या पगारावरून होत नाही. मुलाला काय येतं आणि काय येत नाही, ह्यावरून होते.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू.

पहिलं काम त्या फॉर्मचं. दुपारच्या जेवणाचा फॉर्म, म्हणजे मोफत किंवा सवलतीच्या जेवणासाठीचा अर्ज. आपल्या घरांत तो सर्रास कोरा राहतो. 'आपण कुणापुढे हात पसरत नाही' असं आपण अभिमानानं म्हणतो. तो अभिमान मला कळतो. पण ह्या फॉर्मचा उपयोग जेवणापुरता नाही. एखाद्या डिस्ट्रिक्टमधल्या कुठल्या शाळेला टायटल वनचा किती पैसा द्यायचा, हे बऱ्याच ठिकाणी ह्या फॉर्मांच्या मोजणीवरून ठरतं. पात्र असलेल्या घरांनी फॉर्म भरला नाही, तर कागदावर ती मुलं गरजू नसतातच. शाळेचा वाटा तेवढ्यानं घटतो. तुमच्या संकोचामुळे शेजारच्या मुलाची वाचनाची शिक्षिका जाऊ शकते.

आपल्यातली सगळीच घरं सुखवस्तू नाहीत, हेही बोलून टाकू. पीएचडी करणारी जोडपी आहेत, विद्यापीठाच्या तुटपुंज्या वेतनावर मूल वाढवणारी. एकट्या आया आहेत. दुकानात आणि मोटेलात राबणारी माणसं आहेत. आणि ज्यांची नोकरी गेल्या महिन्यात गेली, अशी घरं तर दर वर्षी असतात. त्यांच्यासाठी हा फॉर्म आहे.

भरायला तो अवघड नाही. घरातल्या सगळ्या मुलांचा मिळून एकच अर्ज. वर मुलांची नावं. खाली घरात एकत्र राहणाऱ्या, एका चुलीवर जेवणाऱ्या मोठ्या माणसांची नावं आणि प्रत्येकाचं उत्पन्न. हे उत्पन्न कर कापण्याआधीचं लिहायचं, हातात येणारं नाही. समोर आठवड्याचं की महिन्याचं ते सांगायचं. इथे फार जण चुकतात. दोन आठवड्यांचा पगार महिन्याच्या रकान्यात टाकतात आणि नंतर खुलासे देत बसतात. शेवटी सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे फक्त शेवटचे 4 आकडे. नंबर नसेल तर 'नाही' ह्या चौकटीत खूण करायची. नंबर नाही म्हणून अर्ज परत येत नाही. तुमचा व्हिसा कोणता, हे ह्या फॉर्मवर विचारत नाहीत. तरीही मनात शंका असली, तर व्हॉट्सअॅपवरच्या निरोपावर जाऊ नका. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

खरं तेच लिहा. पात्र नसाल तर नसाल, त्यात काही बिघडत नाही. दर वर्षी काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात. तुमच्या घरी तसं पत्र आलं तर पगाराच्या पावत्या वेळेत पाठवा. उत्तर दिलं नाही तर सवलत बंद होते, मग तुम्ही खरे पात्र असलात तरी.

अर्ज वर्षातून कधीही करता येतो. सप्टेंबरात नोकरी होती आणि जानेवारीत गेली, तर जानेवारीत अर्ज करा. गेल्या वर्षी सवलत होती त्यांना नव्या वर्षात सुरुवातीचे 30 शाळेचे दिवस ती चालू राहते. त्या मुदतीत नवा अर्ज द्या, नाहीतर मुलाच्या खात्यावर उधारी चढायला लागते. सवलतीच्या जेवणाला 40 सेंटांहून जास्त घेता येत नाहीत. आणि कोणतं मूल मोफत जेवतं, हे इतर मुलांना कळेल अशी वागणूक शाळेनं देऊ नये, असा नियम आहे. तसं कुठे घडताना दिसलं तर प्रिन्सिपलना सांगा.

कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मेन अशा राज्यांत सरकारी शाळांतल्या सगळ्या मुलांना जेवण मोफत आहे. इतर राज्यांतही कित्येक शाळा अर्ज न मागता सगळ्यांना जेवू घालतात. तिथल्या पालकांना वाटतं, आता फॉर्म कशाला? पण अशा शाळा पुष्कळदा उत्पन्नाचा एक वेगळा, छोटा फॉर्म पाठवतात. कारण पैशाचा हिशोब कुठल्या तरी मोजणीवर करावाच लागतो. तोही भरून परत पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट त्या वाचनाच्या टेबलाची. ह्यावर थोडं सविस्तर बोलते, कारण आपली माणसं इथेच जास्त दुखावतात.

शाळेतून चिठ्ठी येते. तुमच्या मुलाला आठवड्यातून काही दिवस छोट्या गटात वाचनाची मदत देणार आहोत. आईचा चेहरा उतरतो. बाबा म्हणतात, आमचा मुलगा तर फाडफाड इंग्रजी वाचतो. मग 'नको' असं कळवलं जातं.

मी अशा टेबलांपाशी मदतीला बसत आले आहे. अर्धगोल टेबल असतं. आतल्या बाजूला शिक्षिका, बाहेरून चार-पाच मुलं. एका वेळचं काम वीसेक मिनिटांचं. दुसरीतला एक मुलगा समोरचं पान एका दमात वाचून काढतो. अडखळत नाही, उच्चार चांगले. वादळ येतंय आणि शेतकरी गाई गोठ्यात घेतोय, अशी गोष्ट. शिक्षिका विचारतात, त्यानं गाई आत का घेतल्या? मुलगा पानावरच्या चित्राकडे बोट दाखवतो. शिक्षिका चित्रावर तळहात ठेवतात आणि पुन्हा विचारतात. आता तो गप्प. त्या रागावत नाहीत. वरच्या दोनच ओळी परत वाचायला लावतात. हळू. एका ओळीखाली बोट ठेवतात. शेजारच्या मुलीला म्हणतात, तू ह्याला सांग काय झालं ते. मग तो स्वतः सांगतो, आभाळ काळं झालं म्हणून. ओळी दोनच, पण ह्या वेळी त्याला त्या समजलेल्या असतात.

तीस मुलांच्या वर्गात हे कुणाच्या लक्षात आलं असतं? घरी तर नाहीच. आपण घरी वेग ऐकतो, उच्चार ऐकतो आणि खूश होतो. तिसरीपासून मात्र सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात. गणिताचं उदाहरणसुद्धा चार ओळींची गोष्ट होऊन येतं. तेव्हा हे कच्चेपण उघडं पडतं आणि तोवर मुलाचा आत्मविश्वास गेलेला असतो.

आपल्याकडे गावी मूल मागे पडलं की शिकवणी लावतात. पैसे मोजतात आणि चार जणांत सांगतातही. इथे तीच शिकवणी शाळेच्या वेळात, प्रशिक्षित माणसाकडून आणि फुकट मिळते आहे. तिला नकार देऊ नका. मुलाच्या डोक्यावर काही शिक्का बसत नाही. गटातली मुलं बदलत राहतात. जमायला लागलं की मूल बाहेर पडतं.

मुलासमोर ह्याबद्दल कसं बोलता, तेही जपा. 'तुला त्या गटात का टाकलं?' असं विचारू नका. 'आज त्या टेबलावर कोणती गोष्ट वाचलीत?' असं विचारा.

तिसरी गोष्ट घरच्या भाषेची. शाळेत नाव घालताना विचारतात, घरी कोणती भाषा बोलता? आपले बरेच पालक तिथे 'इंग्रजी' असं ठोकून देतात. भीती अशी, की मराठी लिहिलं तर मुलाला वेगळ्या वर्गात टाकतील.

खरं लिहा. मराठी लिहा. मग शाळा मुलाचं इंग्रजी तपासते. ते पुरेसं असलं तर पुढे काहीच होत नाही. कमी पडलं तर इंग्रजीची मदत सुरू होते आणि त्याबद्दल तुम्हाला पत्र येतं. वर्ष सुरू होताना मूल शाळेत असेल, तर हे पत्र 30 दिवसांच्या आत यायला हवं. मुलाची पातळी काय आहे, कशी शिकवणार आणि ह्यातून ते कधी बाहेर पडेल, हे सगळं त्यात असतं. ती मदत नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. पण मी नाकारू नका असंच सांगेन. नाकारलीत तरी इंग्रजीची वार्षिक परीक्षा द्यावीच लागते. म्हणजे परीक्षा राहते आणि मदत तेवढी जाते.

आणि शाळेच्या धाकानं घरातली मराठी बंद करू नका. रात्री झोपताना मुलाला म्हणा, आज शाळेत वाचलेली गोष्ट मला मराठीत सांग. आधी काय झालं? मग काय झालं? तो असं का वागला? गोष्टीचा अर्थ लावायची सवय कोणत्याही भाषेत लागली तरी ती दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. आजी फोनवर असेल तर तिला सांगू दे. दहा मिनिटं पुरतात.

चौथी गोष्ट सभेची. टायटल वन घेणाऱ्या शाळेला दर वर्षी पालकांची एक सभा घ्यावीच लागते. पैसा कशासाठी आहे आणि पालकांचे हक्क काय, हे तिथे सांगावं लागतं. अशा सभांना मोजकीच माणसं येतात. आपले लोक तर त्याहून कमी. कामावरून दमून आलेलं असतं, इंग्रजीत बोलायची धास्ती असते आणि लहान मुलाला कुठे ठेवायचं हा प्रश्न असतो. शाळेला हे सांगा. सभा सकाळीही ठेवता येते, संध्याकाळीही. त्या वेळेपुरतं मुलांना सांभाळण्यासाठी किंवा येण्याजाण्यासाठी शाळा हाच पैसा वापरू शकते. ज्या डिस्ट्रिक्टला टायटल वनचे 5 लाख डॉलरहून जास्त मिळतात, त्यांनी किमान 1 टक्का पालकांना सामील करून घेण्यासाठी राखून ठेवायचा असतो. तो कसा खर्च करावा, हे ठरवताना पालकांचं ऐकायचं असतं. तुम्ही खुर्चीत नसलात तर ऐकणार कुणाचं?

शाळा एक करारपत्रही देते. शाळा काय करेल, पालक काय करतील आणि मूल काय करेल, ते त्यात लिहिलेलं असतं. आपण न वाचता सही करून पाठवतो. एकदा वाचा. शाळेनं तिच्या बाजूला काय कबूल केलंय ते बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. प्राथमिक शाळेत वर्षातून किमान एकदा शिक्षकांशी भेट होते. त्या भेटीत ह्या करारपत्रावर बोलणं व्हायला हवं.

ती भेट पंधरा-वीस मिनिटांची असते. 'कसा आहे आमचा बंड्या?' एवढं विचारून येऊ नका. 'छान आहे, गोड आहे' असं उत्तर मिळतं आणि वेळ संपते. प्रश्न कागदावर लिहून न्या. माझं मूल वाचनात आज कोणत्या पातळीवर आहे आणि ह्या महिन्यात कुठे असायला हवं? त्याला जादा मदत मिळते का? आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, कुणाकडून? सध्या नेमकं काय शिकवताय? पुन्हा कधी तपासणार? मी घरी रोज दहा मिनिटं काय करू? उत्तर कळलं नाही तर परत विचारा. शिक्षिकांना त्याचा राग येत नाही. उलट पालक मन लावून ऐकताहेत, हे त्यांना दिसतं.

इंग्रजी अडत असेल तर आधीच कळवा आणि मराठी दुभाषा मागा. कायद्यानं पालकांना माहिती शक्य तोवर त्यांना समजेल अशा भाषेत द्यायची असते. बऱ्याच ठिकाणी फोनवरून दुभाषा जोडून देतात. स्वतःच्या मुलाला मात्र दुभाषा करू नका. आठ वर्षांच्या पोरानं स्वतःच्याच तक्रारी आईला समजावून सांगायच्या, हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय तो निम्म्या गाळणार, हे नक्की.

आणखी एक हक्क आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. टायटल वन शाळेत तुमच्या मुलाच्या शिक्षकांची पात्रता काय आहे, हे तुम्ही विचारू शकता. त्या वर्गासाठी आणि विषयासाठी राज्याची पात्रता नसलेली व्यक्ती सलग 4 आठवडे किंवा जास्त काळ शिकवत असेल, तर शाळेनं स्वतःहून कळवायला हवं. भांडायला जाऊ नका. दोन ओळींची ईमेल करा आणि उत्तराची वाट बघा.

ज्यांचं सगळं बरं चाललं आहे, त्यांच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या मराठी मंडळात, रविवारच्या मराठी शाळेत नव्यानं आलेली घरं ओळखा. एखाद्या शनिवारी चहाला बोलवून तो फॉर्म त्यांच्याबरोबर बसून भरा. त्यांचा पगार विचारू नका. रकाने समजावून द्या, आकडे त्यांचे त्यांना लिहू द्या. शाळेच्या सभेला जाताना त्यांना गाडीत घेऊन जा.

शेवटी घर बदलण्याबद्दल. आपल्यातले खूप जण उन्हाळ्यात घर बदलतात. भाड्याचा करार संपतो, नोकरी बदलते. नव्या गावातली शाळा टायटल वन असेलच असं नाही. पहिल्या शाळेत वाचनाची मदत मिळत होती, म्हणून ती नव्या शाळेत आपोआप मिळेल असंही नाही. मुलाची मुख्य कागदपत्रं शाळेकडून शाळेकडे जातात, पण वाचनाच्या टेबलावर काय काय झालं त्याच्या नोंदी मागे राहू शकतात किंवा महिनाभर उशिरा पोचतात. तेवढ्यात नव्या शिक्षिका सगळं पहिल्यापासून तपासत बसतात आणि ऑक्टोबर उजाडतो. म्हणून सुट्टी लागण्याच्या दोन आठवडे आधी वाचनाच्या शिक्षिकांना भेटा. मूल वर्षाच्या सुरुवातीला कुठे होतं, आता कुठे आहे, कोणत्या पद्धतीनं शिकवलं आणि काय राहिलं, हे एका पानावर लिहून मागा. इंग्रजीची वार्षिक परीक्षा दिली असेल तर तिचा निकालही घ्या. हे कागद सामानाच्या खोक्यात टाकू नका. पासपोर्ट ठेवता त्या पिशवीत ठेवा आणि नव्या शाळेत नाव घालायला जाल, त्याच दिवशी तिथल्या ऑफिसात त्यांची प्रत द्या.